नागपुरात डिलिव्हरी आणि कॅब चालवणाऱ्यांचा पैशांचा व वेळेचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न नागपुरातल्या रायडर आणि कॅबचालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. उदाहरणातले आकडे फक्त हिशोबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेत. तुमची गाडी, तुमचं ॲव्हरेज आणि तुमचे दर घालून तो हिशोब पुन्हा करा.

१. भाऊ, ॲपवर रोज हजार-अकराशे दिसतात. मग महिनाअखेरीस खिसा रिकामा काऊन?

कारण ॲप दाखवतं तो गल्ला असतो, कमाई नव्हे. बहुतेक जण त्यातून फक्त पेट्रोल वजा करतात आणि उरलेलं आपलं समजतात. गाडी मात्र पेट्रोलसोबत टायर, ऑइल, ब्रेक आणि स्वतःची किंमतही खात असते.

एका स्कूटरचा हिशोब धरू. शहरात ४५ चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर, म्हणजे किलोमीटरला २.३३ रुपये. दर ३,००० किलोमीटरला १,२०० रुपयांची सर्व्हिसिंग, म्हणजे ४० पैसे. ३,६०० रुपयांची टायरची जोडी २०,००० किलोमीटर चालली तर १८ पैसे. ब्रेक, बेल्ट, बॅटरी आणि किरकोळ कामं २५ पैसे. गाडी ९५,००० ला घेतली आणि ८०,००० किलोमीटर चालवून ३०,००० ला विकली तर ६५,००० रुपये रस्त्यावर झिजले, म्हणजे किलोमीटरला ८१ पैसे. सगळं मिळून जवळपास ४ रुपये.

आता दिवस पाहा. ॲपवर १,१०० रुपये, गाडी फिरली १२० किलोमीटर, तुम्ही ११ तास बाहेर. नुसतं पेट्रोल (२८० रुपये) काढलं तर ८२० उरल्यासारखे वाटतात. खरा खर्च ४८० आहे, म्हणून उरले ६२०, म्हणजे तासाला ५६ रुपये. मधला २०० चा फरक २६ दिवसांत ५,२०० होतो. दोन-तीन महिन्यांनी गॅरेजवाल्यासमोर हात पसरायला लावतो तो हाच पैसा.

या पानावरची बहुतेक उत्तरं या एका आकड्यावर उभी आहेत: खर्च जाऊन तासाला किती उरले. ऑर्डर किती केल्या, रेटिंग किती, लेव्हल सोन्याची की चांदीची, हे सगळं त्यानंतर.

२. किलोमीटर कोणते धरायचे? ॲपमधले की मीटरवरचे?

मीटरवरचे. ॲप फक्त पैसे देण्यापुरते किलोमीटर मोजतं. घरून निघालेले, ऑर्डर न मिळता परत आलेले, चुकीच्या पत्त्यावर गल्लीबोळ फिरलेले किलोमीटर त्यात नसतात. सकाळी निघताना आणि रात्री आल्यावर ओडोमीटरचा फोटो काढा. वही नसली तरी चालतं, फोटोवर तारीख-वेळ असतेच.

नागपुरात हे जास्त लागतं, कारण शहर दक्षिणेकडे लांबच लांब पसरलंय. सीताबर्डीवरून बेसाकडची ९ किलोमीटरची ऑर्डर ६५ रुपयांना मिळाली आणि परत रिकामे आलात, तर १८ किलोमीटरचे ७२ रुपये गेले. म्हणजे पदरचे ७ रुपये घालून दुसऱ्याचं जेवण पोचवलं. कॅबवाल्यांना बुटीबोरीचं भाडं दिसायला मोठं दिसतं, पण तिकडून परतीचं भाडं मिळेल का, हे घेण्याआधीच मनात ठरलेलं हवं. संध्याकाळी कंपन्या सुटायच्या वेळी जाणं आणि भर दुपारी जाणं यात फार फरक आहे.

तिकडे पोचलाच असाल तर लगेच वळू नका. मनीषनगर-बेसा भागात आता हॉटेलं आणि क्लाउड किचन आहेत, दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबून पाहा. त्याहून जास्त थांबलात तर वेळेचे पैसे जातात.

३. पैसे वेगळे ठेवायचे म्हणजे नेमकं कसं? सगळं एकाच खात्यात येतं.

दुसरं एक साधं बचत खातं उघडा आणि त्याला गाडीचं खातं म्हणा. त्याला यूपीआय जोडू नका, नाहीतर ते चहाच्या टपरीवरच संपेल. दर आठवड्याला पेआउट आला की त्याच दिवशी आठवड्याचे किलोमीटर मोजा आणि पेट्रोल सोडून उरलेला खर्च त्या खात्यात टाका. वरच्या उदाहरणात तो किलोमीटरला १.६७ रुपये येतो. ७०० किलोमीटर झाले तर साधारण १,१७० रुपये. गाडीचा विमा, पीयूसी, टायर, सर्व्हिसिंग सगळं त्यातूनच.

गाडी कर्जावर असेल तर झीज दोनदा धरू नका. हप्त्यातलं मुद्दल म्हणजेच झिजेचा पैसा. हप्ता चालू असेपर्यंत गाडीच्या खात्यात ८१ पैसे कमी टाकले तरी चालेल. व्याज मात्र खर्चातच येतं. हप्त्याची तारीख पेआउटच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करून घेता येते का, ते कर्ज देणाऱ्याला विचारा. हप्ता बाऊन्स झाला की दंडही लागतो आणि सिबिलही बिघडतं.

याशिवाय एका महिन्याचा घरखर्च बाजूला असायलाच हवा. आयडी ब्लॉक होणं, मोबाइल पडणं, ताप येणं हे या धंद्यात अपवाद नाहीत. हा पैसा एकदम जमत नाही, वर्षभर लागतं. लागू द्या.

४. कॅश ऑर्डरचे पैसे खिशात असतात, ते पेट्रोलला वापरले तर काय बिघडलं?

ते तुमचे नाहीत. कॅश लिमिट भरली की ऑर्डर येणं थांबतं आणि नेमकं संध्याकाळच्या गर्दीत थांबतं. कॅश वेगळ्या खिशात ठेवा, दुपारच्या मंदीत जमा करा.

५. नागपुरात कोणत्या वेळी लॉगिन केलं तर परवडतं?

फूड डिलिव्हरीला दुपारी साडेबारा ते तीन आणि रात्री साडेसात ते अकरा. हे सगळ्यांना माहीत आहे. अडचण मधल्या चार-साडेचार तासांची. रायडर तेव्हा झाडाखाली बसतात आणि तो वेळ हिशोबात धरत नाहीत. घर जवळ असेल तर सरळ घरी जा, जेवा, झोपा. घर लांब असेल तर त्या वेळात औषधं, किराणा किंवा पार्सलचं काम जोडता येतं का ते पाहा. सकाळी नऊला निघून रात्री अकराला परतणारा आणि दोन तुकड्यांत मिळून सहा-सात तास काम करणारा यांच्या गल्ल्यात फरक दिसतो. तासाचा आकडा काढला की दुसरा अनेकदा पुढे असतो.

कॅबचं वेळापत्रक वेगळं. पहाटेची विमानं आणि रेल्वे स्टेशन, मग सकाळी धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांची ओपीडी, त्याच सुमाराला मिहान आणि आयटी पार्कची ऑफिसं, संध्याकाळी तीच माणसं उलट दिशेने. पहाटेचं विमानतळ करणाऱ्याने रात्रीची पार्टीची भाडी सोडून द्यावीत. दोन्ही करणारा कुठेतरी स्टेअरिंगवर पेंगतो. केंद्राच्या २०२० च्या ॲग्रिगेटर मार्गदर्शक सूचनांत चालकासाठी दिवसाला कमाल १२ तास लॉगिन आणि त्यानंतर १० तासांची विश्रांती सांगितली होती. दोन ॲप मिळून १६ तास चालवलं तर ॲपला कळत नाही, शरीराला कळतं.

मेट्रोमुळे वर्धा रोड आणि कामठी रोडची काही लांब भाडी कमी झाली, पण स्टेशनपासून घरापर्यंतची छोटी भाडी वाढली. छोट्या भाड्याला नाक मुरडू नका, त्यात रिकामे किलोमीटर कमी असतात.

६. कोणत्या दिवशी कोणता भाग टाळायचा?

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या चौफेर, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात आणि रस्ते वळवलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारी-महाल. रामनवमीला शोभायात्रेचा मार्ग. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर सिव्हिल लाइन्स, विधानभवन आणि मोर्चे अडवले जातात ते चौक. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल तेव्हा वर्धा रोडवर जाताना भाडं मिळतं, पण सामना सुटल्यावर तासभर अडकायची तयारी ठेवा.

अधिवेशनाच्या दिवसांत कॅबवाल्यांचा धंदा चांगला होतो. बाहेरगावची माणसं, हॉटेल ते सिव्हिल लाइन्स, छोटी-छोटी भाडी. फूड रायडरला मात्र त्याच भागात एकेका ऑर्डरला दुप्पट वेळ लागतो. एकाच दिवसाचा दोन धंद्यांवर असा उलटा परिणाम होतो, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर आपला दिवस ठरवू नका.

७. मे महिन्यात दुपारी जास्त पैसे देतात. घ्यावे की नाही?

पारा ४५ च्या आसपास असताना डोक्यावर हेल्मेट, पाठीवर बॅग आणि खाली तापलेलं डांबर. माझं मत सरळ आहे: नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी एक ते चार गाडी बाहेर काढू नका. सकाळी नाश्त्याच्या ऑर्डर करा, संध्याकाळी सहानंतर पुन्हा निघा.

हे सांगायला सोपं, पण घर चालवायचंय, हे मान्य. म्हणून मे महिन्याची सोय मे महिन्यात होत नाही. गणपतीपासून डिसेंबरपर्यंत धंदा बरा असतो, तेव्हाच दर आठवड्याला थोडे पैसे उन्हाळ्याच्या नावाने बाजूला काढा आणि मे महिन्याची कमाई आधीच कमी धरून चाला.

तरी निघावंच लागलं तर हेल्मेटखाली ओला दुपट्टा, सोबत ओआरएस, प्रत्येक ऑर्डरनंतर पाणी. टायरची हवा सकाळी थंड असतानाच तपासा. घाम येणं थांबलं, डोकं ठणकायला लागलं किंवा बोलताना अडखळायला झालं तर ऑर्डर कुठे पोचली ते बघू नका. सावलीत थांबा, अंगावर पाणी घ्या, १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.

८. चार ऑर्डर केल्या की दीडशेचा इन्सेंटिव्ह. रात्री अकरा वाजता करू का?

प्रश्न १ मधला आकडा लावा. समजा चार ऑर्डरचे १२० आणि इन्सेंटिव्ह १५०, मिळून २७०. दोन तासांत २५ किलोमीटरमध्ये झाल्या तर १०० खर्च, उरले १७०, म्हणजे तासाला ८५. करा. पण ऑर्डर तुटक आल्या, तीन तास आणि ४५ किलोमीटर लागले, तर १८० खर्च जाऊन ९० उरतात, म्हणजे तासाला ३०. मग झोपलेलं बरं.

अडचण अशी की चौथी ऑर्डर येईल की नाही, हे तुमच्या हातात नसतं. तिसरीवर अडकलात तर इन्सेंटिव्ह शून्य. म्हणून दोनपेक्षा जास्त ऑर्डर बाकी असतील आणि अकरा वाजून गेले असतील तर सोडून द्या, असं मी सांगतो. शनिवार-रविवारची गोष्ट वेगळी.

९. इन्कम टॅक्स आमच्यासारख्याला लागतो का?

कायद्याच्या नजरेत तुमचं उत्पन्न पगार नाही, धंदा आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे बहुतेक रायडरना कर भरावा लागत नाही. पण कर शून्य असणं आणि रिटर्न न भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न ४ लाखांवर गेलं तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं.

हिशोबाची वही नसेल तर अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. जुन्या कायद्यात ते कलम ४४एडी. बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या गल्ल्याच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा धरायचा, फॉर्म आयटीआर-४ सुगम. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण ही पद्धत कायम आहे.

एक लक्षात ठेवा: ६ टक्के ही किमान मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. त्याचा एक फायदाही आहे, प्रश्न १२ पाहा.

१०. ॲपने टीडीएस कापला. ते पैसे गेले का?

गेले नाहीत. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, तो तुमच्या पॅनवर जमा आहे. डिलिव्हरीच्या कामात बहुधा कंत्राटाच्या नियमाने १ टक्का कापला जातो. एका वेळचं देणं ३०,००० च्या वर किंवा वर्षाचं १ लाखाच्या वर गेलं की तो लागू होतो. कॅबमध्ये ई-कॉमर्सचा नियम लागला तर १ ऑक्टोबर २०२४ पासून दर ०.१ टक्का आहे. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीचा वर्षाचा गल्ला ५ लाखांपर्यंत असेल तर तोही कापत नाहीत.

आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवरच्या कपातीची आणि उत्पन्नाची नोंद) उघडून कापलेली रक्कम पाहा. रिटर्न भरलं आणि कर शून्य निघाला की ती परत बँकेत येते. मुदत चुकली तरी उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. पॅन दिलंच नसेल तर कपात बरीच जास्त होते, म्हणून ॲपमधला पॅन आजच तपासा.

११. जीएसटी नंबर काढावा लागेल का?

सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. एकट्या रायडरचा तिथे संबंधच येत नाही. ॲपवरून बुक झालेल्या कॅबच्या भाड्यावरचा जीएसटी भरायची जबाबदारी ॲपची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी नसलेल्यांच्या स्थानिक डिलिव्हरीचंही तसंच झालंय. कोणी एजंट नंबर काढून देतो म्हणाला तर आधी कशासाठी ते विचारा.

१२. बँक कर्ज देत नाही, पगाराची स्लिप मागते. काय करू?

स्लिपच्या जागी रिटर्न चालतं. बहुतेक बँका दोन-तीन वर्षांची मागतात, म्हणून कर्ज हवं त्या वर्षी धावपळ करून उपयोग नाही. आणि इथेच ६ टक्क्यांचा खेळ अंगावर येतो. ४ लाखांच्या गल्ल्यावर २४,००० नफा दाखवलात तर बँक त्यावर कर्ज देणार नाही, आणि तुमचं घर २४,००० वर वर्षभर चालत नाही हे आयकर खात्यालाही कळतं.

मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज असतं. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) मोफत आहे, ती करून ठेवा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून लांब राहा. घ्यायची वेळ आलीच तर कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण आहे ते पाहा आणि वार्षिक दर लिहिलेलं मुख्य तथ्य विवरण मागा. ते देत नसेल तर सोडा. भिशी ओळखीच्यांची आणि छोटी असेल तर ठीक, पण गाडीच्या खात्यातले पैसे तिच्यात टाकू नका.

१३. मी रिटर्न भरलं तर बायकोचे लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. योजनेच्या अटी पाहा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं, कुटुंबात कोणी आयकरदाता नको, आणि कुटुंबाच्या नावावर चारचाकी नको, त्यात फक्त ट्रॅक्टर वगळलाय. शून्य कराचं रिटर्न भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. पण उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरा किंवा भरू नका, अट मोडलेलीच आहे. स्वतःची कॅब असलेल्यांना तर चारचाकीची अटच आडवी येते. रिटर्न लपवून योजना वाचवायचा सल्ला कोणी देत असेल तर प्रश्न १२ त्याला वाचून दाखवा.

१४. माझ्याकडे टाटा एस आहे, छोटा हत्ती. मलाही ६ टक्केच का?

नाही. मालवाहू गाड्यांसाठी वेगळी पद्धत आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एई. दहापर्यंत गाड्या असतील तर १२ टनांपर्यंतच्या प्रत्येक गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये नफा धरतात. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तेवढाच. कर्जावरची गाडीही तुमचीच धरतात. प्रवासी कॅबला हे लागू नाही.

१५. गाडीचा विमा आहे. अपघात झाला तर मिळेल ना?

पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा परिच्छेद असतो, तो वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. डिलिव्हरी करताना धडक झाली तर गाडीच्या नुकसानीचा दावा त्यावर अडू शकतो. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीला डिलिव्हरीचं काम करतो असं लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. हप्ता थोडा वाढेल.

ॲपकडून मिळणारं अपघाती कवच बहुधा लॉगिन असतानाचं किंवा ऑर्डरवर असतानाचंच असतं, घरी परतताना नसतं. म्हणून स्वतःचं वेगळं हवं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कवच देते, वय १८ ते ७०. जीवनज्योती ४३६ रुपयांत २ लाखांचं जीवन कवच देते, वय १८ ते ५०. दोन्हींचे पैसे मे अखेरीस खात्यातून कापले जातात. त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर कवच तुटतं, आणि नेमकं मे महिन्यातच खातं कोरडं असतं.

रस्त्यावरच्या अपघातासाठी २०२५ ची कॅशलेस उपचार योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखांच्या मर्यादेत उपचार होतात.

१६. कंपनी पीएफ देत नाही. आमच्यासाठी काहीच नाही का?

नोकर म्हणून पीएफ नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार ही व्याख्या आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली. तिच्यात ॲग्रिगेटरने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या कमाल ५ टक्के, सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. तुमच्याकडून लागतं ते ई-श्रम पोर्टलवरचं नाव. नोंदणी मोफत, आधारला जोडलेला मोबाइल पुरतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्लॅटफॉर्म कामगारांना आयुष्मान भारतचं आरोग्य कवच देण्याची घोषणा झाली, तीही याच नोंदणीला जोडलेली आहे. नाव टाकायला शंभर-दोनशे मागणाऱ्या सेंटरवर जाऊ नका.

१७. माझा आयडी ब्लॉक आहे, चुलतभावाच्या आयडीवर चालवतो. हिशोब कसा ठेवू?

हिशोब ठेवण्याआधी धोका ओळखा. ॲपच्या नोंदीत काम भाऊ करतोय. पैसे त्याच्या खात्यात, टीडीएस त्याच्या पॅनवर, एआयएसमध्ये उत्पन्न त्याचं. त्याच्या नोकरीच्या उत्पन्नात हे मिळालं तर कर त्याला लागू शकतो. प्रश्न १३ मधली अडीच लाखांची मर्यादा त्याच्या घराला आडवी येऊ शकते. तुम्हाला अपघात झाला तर ॲपचं कवच तुमच्या नावाचं नाही, आणि कर्जासाठी दाखवायला तुमच्याकडे एक रुपयाचंही उत्पन्न नाही.

आधी स्वतःच्या आयडीसाठी लेखी तक्रार टाका, तिकीट नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तर येईपर्यंत दुसऱ्या ॲपवर स्वतःच्या नावाने नोंदणी करा. भावाच्या आयडीवर आधीच झालेल्या कामाचा आठवडावार हिशोब दोघांनी मिळून लिहा: किती आले, त्याने तुम्हाला यूपीआयने किती दिले, टीडीएस किती कापला. त्याच्याकडून पैसे रोखीने घेऊ नका. त्याचं रिटर्न भरायच्या आधी हा कागद कर सल्लागाराला दाखवा, नंतर नाही.